सांताची बैलजोडी

अरे, आमच्या चिकलठाण्याच्या गल्लीतला नाताळ ऐका! शेजारच्या डेव्हिडला दारात लायटिंगचा सांता हवा होता, गाडीला दोन हरणं जुंपलेला. डेकोरेशनवाले सलीमभाई म्हणाले, "हिरन नई है, शादी के घोडे हैं. सींग लगा देतूं!"

आम्ही लई खूश! दिवेलागणीला अख्खी गल्ली जमली. डेव्हिडनं बटन दाबलं आणि लाल-हिरवी बाकदार शिंगं काय झगमगली म्हणता! तेवढ्यात पैठणहून आलेली माझी आत्या घरातून ओवाळायचं ताट घेऊनच धावत आली.

"आत्या, हरणं हायेत ती!"

"गप रे! जन्मभर पोळा केलाय. मला बैल वळखू येत नाय व्हय?"

डेव्हिडनं शिंगांकडं एकदा नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "आत्या, पुरणपोळी तर नाय केली. बैलांना केक चालंल का?"