भोंग्याची वायर

हॅलो?… कोण?… सगीराभाभी?

थांबा, थांबा… जरा अंगणात येते… हां, बोला. हळू बोलते म्हणून राग धरू नका. सासूबाई आतच हायत, तांदूळ निवडतायत. तुमचं नाव जरी निघालं तरी… काय करतील भाभी, एकुलता लेक त्यांचा. अफजलभाईंची फोर्कलिफ्ट मागं आली आणि हे गेले. रोज तळतळाट देतात अफजलभाईंला. मी गप ऐकते.

नाय, नाय… फोन केला ते बरंच केलं.

श्रेया बरी हाय. तिसरा महिना सरत आला… कुठं झोपती? दिवसभर खांद्यावर. इथं गावात ना गाडी ना मशीन, तरी झोपत नाय.

उद्या?… पोलीस ठाण्यात बोलावलंय अफजलभाईंला? परत?… हां… मग काय लिहून देणार ते?

माझ्याच मनानं गाडीच्या रिव्हर्स भोंग्याची वायर काढली… असं म्हणतात? एवढंच?

सुपरवायझरनं लिहूनच आणलं व्हतं?… त्याला काय, मान सोडवली त्यानं. त्या दिवशी झेंडीवाला कुठं व्हता, ते इचारा की त्याला. गाडी रिव्हर्स घेताना मागं झेंडी घेऊन माणूस पायजे ना? झेंडीवाल्याला ह्यानंच पाठवलं सिमेंटचा ट्रक खाली करायला. गाडीवर ब्लॉकची थप्पी एवढी उंच, म्होरचं काय दिसंना, म्हणून अफजलभाई रिव्हर्सनंच चालले व्हते… व्हय, चितेगावच्या त्या गोडाऊनच्या बांधकामाला लागूनच व्हती आमची पत्र्याची खोली. सगळं दिसायचं मला.

काय म्हणलात?… तुमची लाइबा? बापाला इचारती, भोंगा का बंद केला म्हणून?… आणि ते?… उठून बाहेर जातात.

…हाय, हाय मी. ऐकतेय.

मला म्हायती हाय का?… मला कसं म्हायती असंल भाभी? मी तर आत… लेकरू घेऊन… रेंज जातेय का हो? तुमचा आवाज…

नाय. रेंज हाय. सगळं ऐकू येतंय.

भाभी, ऐका. मधी बोलू नका, नायतर मला परत सांगता येणार नाय.

श्रेयाला आदल्या दिवशी डोस दिला व्हता, दीड महिन्याचा. रात्रभर ताप, रात्रभर रडली. दुपारी कुठं डोळा लागला, की गाडी आली मागं. टीं टीं टीं… दचकून उठायची. थोपटून निजवलं की परत गाडी. चार येळा… मग गेले मी बाहेर. तशीच, तिला घेऊन. म्हणलं, भाई, हिच्याकडं बघा.

नाय म्हणाले ना. लगेच नाय म्हणाले. ‘भाभी, रूल नाय’ म्हणाले… मी म्हणलं, तुम्हाला पण लेक हाय.

…व्हय. असं म्हणलं मी.

मग उतरले खाली. वायर काढली. म्हणाले, तासाभरात जोडतो.

आणि हे गाडीकडं पाठ करून फरशीची लेव्हल बघत बसले व्हते. ह्यांची सवयच ती. मागं बघायचं नाय, भोंगा वाजला की सरकायचं…

रोज सकाळी हजेरीला सायेब सगळ्यांकडनं म्हणून घ्यायचे, भोंगा बंद असंल तर गाडी हलवायची नाय. मी भाकरी थापता थापता ऐकायचे. तोंडपाठ व्हतं भाभी, मला तोंडपाठ व्हतं.

श्रेया?… झोपली व्हती. लोक वरडत पळत आले तरी उठली नाय. जन्मल्यापासून एवढी कधी झोपली नव्हती.

…हॅलो? भाभी?… शिव्या द्या मला.

व्हय… म्हणूनच बोलले नसतील ते. माझं नाव निघालं तर सासरचे मला घरात ठेवणार नायत, हे काय त्यांना कळत नाय?

काय?… सांगू नको? तुम्ही म्हणता सांगू नको?… अहो, ते आत जातील… माझं लेकरू लहान हाय, खरंय… पण ती मोठी होऊन त्यांनाच शिव्या द्यायला शिकंल ना? ह्याच घरात. आणि लाइबा बापाशी बोलायची बंद होईल… नाय भाभी. नाय.

उद्या किती वाजता?… अकरा. येते मी. पैठणवरनं साडेआठची एसटी हाय.

थांबा, ठेवू नका फोन. तुम्ही कानाशी असलात तरच तोंडातून निघंल…

आत्या… ओ आत्या, ते तांदूळ ठेवा, बाहेर या जरा. सगीराभाभीचा फोन हाय, अफजलभाईंच्या बायकोचा… नाय, आधी ऐका. अफजलभाईंला शिव्या देऊ नका आता. ती भोंग्याची वायर मी काढायला लावली व्हती… मी, आत्या. श्रेया झोपावी म्हणून.

……

भाभी?… हां. सांगितलं.

आत्या काय म्हणाल्या?… श्रेयाला घेतलं माझ्या खांद्यावरनं आणि आत गेल्या. आतनं कडी घातली… तुम्ही रडू नका हो. येते म्हणलं ना अकराला, येतेच.

ठेवते आता. दारापाशी जाऊन बसते.