दोन कप्प्यांचं सिंक

(स्वयंपाकघर. जुनं सिंक दाराशी उलटं पडलेलं. दोघी जावा ओट्याखाली वाकलेल्या. थोरलीच्या हातात टॉर्च.)

थोरली : तसं नव्हे गं. जुनं गळत होतं, बदलायला हवं होतं, कबूल. पण दोन कप्प्यांचं कशाला? त्यासाठी ओटासुद्धा कापून घेतलास.

धाकटी : टॉर्च जरा डावीकडे, ताई. एकात गिऱ्हाइकांच्या डब्यांची खरकटी भांडी, दुसऱ्यात भाजी. हल्ली सगळेच घेतात.

थोरली : सगळ्यांच्या घरी दोन जावा नसतात. वेगळी चूल मांडायची असेल तर तोंडाने सांगावं माणसानं. सिंकाकरवी निरोप कशाला?

धाकटी : अहो, काहीतरीच काय. बादली सरकवा, पाईपमध्ये घाण पाणी साठलंय.

थोरली : सरकवली. शी, काय वास हा. आणि प्लंबरला का नाही बोलावलंस?

धाकटी : मागच्या वेळी त्याने नळ वाकडा बसवला, तर तुम्हीच त्याला चहा न देता वाटेला लावलंत. आता इकडे या. ही काळी रबरी चकती आधी, मग हा प्लास्टिकचा नट. फिरवा हाताने.

थोरली : मी?

धाकटी : तुम्हीच.

थोरली : लग्न होऊन आलीस तेव्हापासून पान्याला हात लावू दिला नाहीस मला. नळ ठिबकला तरी ‘ताई, तुम्ही गॅसकडे बघा.’ आज कुठे उगवला सूर्य?

धाकटी : शिकलेलं वाया जात नाही.

थोरली : हे बोलणं तुझं नाही. तू असं सुविचारासारखं कधी बोलत नाहीस.

धाकटी : नट तिरका लागतोय. थोडा उलटा फिरवा, आटे बसले की आपोआप सरकेल.

थोरली : बसले वाटतं.

धाकटी : आता पाना. जरासाच. जास्त आवळलंत तर तडकेल. पुढे कधी गळायला लागलं तर आधी हाच नट बघायचा. आणि पाणी बंद करायचा कॉक तो मागचा, न्हाणीघरातला नव्हे. दिसला? तुमच्या डब्यांची भांडी साठतात, पाणी अडून चालायचं नाही.

थोरली : काय म्हणालीस?

धाकटी : पाणी अडून चालायचं नाही.

थोरली : त्याच्या आधी. ‘तुमचे डबे.’ काल भाजी चिरताना आपले होते.

धाकटी : बोलण्याच्या ओघात गेलं हो.

थोरली : ओघातच खरं बाहेर पडतं. भाऊजी मान वर करून जेवत नाहीत हल्ली. मी देवापुढे बसले की तुम्ही दोघं गच्चीवर. मला वाटलं, माझंच काही चुकलं. हातात माळ, आणि मनात तुम्हा दोघांची कुजबुज. असला का जप असतो?

धाकटी : तुमचं काही चुकलेलं नाही. टॉर्च खाली का केलीत?

थोरली : हात भरून आला. सांग आता.

धाकटी : यांची बदली झालीय. लांब. महिनाअखेर हजर व्हायचंय.

थोरली : हं.

धाकटी : रोज सांगेन म्हणते. तुम्ही ‘दमलीस का गं’ विचारता, आणि मी ‘नाही हो’ म्हणून कणीक मळायला घेते. चला ना आमच्याबरोबर. हे तर म्हणाले, वहिनी नाही आली तर घरात बोलायचं कोणाशी.

थोरली : बायकोशी बोलावं म्हणावं. हे गेल्यापासून या डब्यांवरच उभी आहे मी. रात्रपाळीहून येऊन इस्पितळातल्या त्या नर्सबाई आधी माझा डबा उघडतात, त्यांना काय सांगू? आणि तुझ्या ओट्यावर मी पाहुणी होऊन किती दिवस बसू?

धाकटी : नाही म्हणाल हे ठाऊक होतं. म्हणून असं सिंक आणलं. एकटीला उरकायला बरं पडेल.

थोरली : एकटीला.

धाकटी : ताई.

थोरली : डोळे त्या हाताने पुसू नकोस, सिंकाच्या कडेला भरलेलं सिलिकॉन लागलंय. हा पदर घे.

धाकटी : झालं आता. कॉक उघडते, कुठे गळतंय का बघू.

थोरली : थांब. ते सगळं सोडव, आणि मला पहिल्यापासून पुन्हा दाखव.