तुळईतली पाखरं

लक्ष्मीपुरीत शेती औषधांच्या दुकानापुढं रांग होती. माझ्या पुढं पिशवीत करवत घेतलेला सुतार, त्याच्या पुढं एक म्हातारी.

“मावशी, कसलं औषध न्यायला आलाय?” सुतारानं विचारलं.

“वाळवीचं. राधानगरीसनं आलोय. काल दिवेलागणीला घरात नुसती पाखरं झाली. पंख झडून भुईवर थर पडला.”

“ह्या दिवसात येत्यातच की. दिव्यासाठी दारातनं आली असतील.”

“दारं लावल्याली हुती. तुळईच्या चिरेतनं भाईर पडत हुती.”

“तुळईतनं? म्हंजे वाळवीनं आतच घर केलंय. कवा ठोकून बघितली का तुळई?”

“ठोकाय कशाला पायजे? चकचकीत हाय. दर दिवाळीला ऑइलपेंट मारतोय.”

“आन् रंगाखाली?”

“रंगाखाली लाकूड. दुसरं काय असतंय?”

“अवो मावशी, वाळवी वरची साल तशीच ठेवती आन् आतलं सगळं खाती. तुमचा रंगच तेवढा उभा असंल तिथं.”

“भ्या घालू नगा पावणं.”

“भ्या घालत न्हाय, इचारतोय. तुळईला काय टांगलंय का?”

“परवाच बारसं केलं. नातीचा पाळणा हाय.”

“आत्ता पोर त्यात हाय?”

“सून ह्याच वक्ताला निजवती तिला. झोके देती.”

“ओ मावशी, पुढं सरका. किती लिटर देऊ?” दुकानदार ओरडला.

“औषध ऱ्हाऊ दे रं बाबा! आदी फोन कुठं हाय सांग, फोन!”