टर्मिनल काही उठेना!

...आणि वर मुख्य शाखेतली पोरं फोनवर मलाच विचारतात, 'आजी, केबल नीट खोचलीय ना?' अहो, केबल! तुम्हाला सांगते, ती केबल मी इतक्यांदा काढली आणि खोचली की तिच्या टोकाची खिटी तुटून माझ्या हातात आली, आणि पडद्यावर काय? फाईल सापडत नाही!

आमची वाचनालयाची शाखा म्हणजे दोन खोल्या. एकीत पुस्तकं, दुसरीत मुख्य शाखेनं टाकून दिलेली टर्मिनलं. त्यांच्या पोटात डिस्कच नाही. बटण दाबलं की बिचारी तारेवर ओरडतात, 'अहो, कुणी आहे का? माझा पत्ता काय? मी उठू कसं?' मग आमच्या सर्व्हरनं, म्हणजे कोपऱ्यातल्या मोठ्या संगणकानं, म्हणायचं, 'हा घे पत्ता, ही घे फाईल, ऊठ!' एवढंच. लेकराला झोपेतून उठवण्याइतकं सोपं, असं मला वाटलं होतं... आणि कुठलं लेकरू पहिल्या हाकेला उठलंय हो?

त्यात मुख्य शाखेचे मोठे साहेब बजावून गेलेले, 'सोमवारी पाहणीला येतो. टर्मिनलं चालू दिसली नाहीत तर खोली रिकामी करा, मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा हवीच आहे.' मोडक्या खुर्च्या! ज्या खोलीत गल्लीतल्या मुली नोकरीचे अर्ज भरायला येतात, जिथे मी, चौथीत शाळा सुटलेली बाई, एकेका शब्दाशी भांडत सर्व्हर चालवायला शिकले, तिथे खुर्च्या? जीव गेला तरी देणार नाही, म्हटलं!

पदर खोचला. फाईलचं नाव तपासलं, फोल्डर तपासला, परवानग्या दिल्या, माझ्या पोरांना जन्मात दिल्या नाहीत तेवढ्या दिल्या! फायरवॉल उघडली, सर्व्हरला समजावलं, दरडावलं, शेवटी हात जोडले. पडद्यावर काय? फाईल सापडत नाही! अरे मेल्या, तुझ्या नाकासमोर ठेवलीय की रे!

आणि माझी धाकटी जाऊ, ती इथं पुस्तकं देते-घेते, ती टेबलाशी बसून नखं रंगवत म्हणते कशी, 'जाऊबाई, एवढं चिडू नका हो, बीपी वाढेल. एकदा बंद करून चालू करा की.' बंद करून चालू! मग मी आठवडाभर काय करत होते, अंगाई म्हणत होते?

सोमवार उजाडला. साहेबांची गाडी फाटकाशी थांबल्याचा आवाज आला. संपलं, म्हटलं. आता खुर्च्या. टर्मिनलसमोर बसले, शेवटचं बघून घ्यावं तसं पडद्याकडे बघितलं. फाईल सापडत नाही! आणि त्याच्या वरच्या ओळीत... थांबा! हा पत्ता कुठला? मी वाटलेले पत्ते मला नातवंडांच्या नावांसारखे पाठ आहेत, त्यातला हा नव्हेच! म्हणजे माझा सर्व्हर तोंड उघडायच्या आत दुसरंच कुणीतरी मध्ये पडून पत्ता देतंय, आणि फाईल मागितली की हात वर करतंय! एका घरात दोन सासवा हो, दुसरं काय?

गुडघे टेकले, तार धरून सरपटत निघाले, कपाटामागे डोकं घातलं... आणि तिथे हिरवे दिवे मिचकावत बसलाय एक वायफायचा डबा! हीच ती पत्ते वाटणारी दुसरी सासू!

'तो होय?' जाऊ म्हणते. 'आमचा घरचा जुना. म्हटलं, दुपारी फोनवर मालिका बघता येईल. एक भोक रिकामं दिसलं, तिथे खोचला.'

'मग दिसते का मालिका?'

'छे, एकदासुद्धा लागली नाही.'

'मग काढला का नाहीस, बये?'

'म्हटलं, लागेल की कधीतरी!'

उपटला. उपटता उपटता त्या डब्याला आणि हिला मिळून मी जे काही बोलले, ते वाचनालयात बोलायचं नसतं. बाहेर साहेब पायपुसण्यावर बूट घासतायत आणि आत टर्मिनलं उठतायत, एक, दुसरं, तिसरं, सगळी! साहेबांनी मान डोलावली, 'छान छान, राहू द्या खोली.' राहिली हो खोली!

जाऊ मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. हाताच्या अंतरावर बसते, तोंड भिंतीकडे. काही हवं असलं की तिच्या टर्मिनलवर टाइप करते आणि इकडे माझ्या पडद्यावर उमटतं, 'जाऊबाई, पंखा कमी करा.' मी मुकाट्यानं उठते, पंखा कमी करते... काय करणार? निरोप पोचतोय ना, म्हणजे नेटवर्क उत्तम चाललंय, असं म्हणायचं!