एकच पाइप

(दीपगृहाच्या खडकावर, भर दुपारी. सामानाची बोट पायऱ्यांशी दोरावर हेलकावते आहे. दाजी दिव्याचे रखवालदार; बोटीचा तांडेल त्यांचा मेहुणा.)

दाजी – हुंग. अरे, हुंग म्हणतो ना! तू मागच्या खेपेला दिलेलं पाणी आहे हे.

तांडेल – टाकी जुनी झालीय तुमची. गंजाचा वास असेल.

दाजी – गंजाला असा रंगीत तवंग येतो? माझा जोडीदार आठ दिवस ओकतोय. आज रक्त पडलं.

तांडेल – त्याला नेतोच आहे ना मी दवाखान्यात! तुम्ही फक्त सही करा. 'पाणी चांगलं मिळालं.' तेवढी सही नसली तर बोट काढून घेतील माझ्याकडून.

दाजी – पाणी कुठल्या पाइपने चढवलंस?

तांडेल – नेहमीच्याच.

दाजी – आणि जनरेटरचं डिझेल?

तांडेल – आता कसं सांगू तुम्हाला... इथे बोट टिकते जेमतेम तासभर. दुसरा पाइप फाटलाय. मग आधी डिझेल, नंतर पाणी. मध्ये खाऱ्या पाण्याने खळखळून घेतो की!

दाजी – शी! निदान पाणी तरी आधी चढवायचंस.

तांडेल – आणि तेवढ्यात लाटा वाढल्या, डिझेल राहिलं तर? दिवा विझला की दहा जण जाब विचारतात. तुमच्या पोटाचं कोण विचारतंय?

दाजी – कधीपासून चाललंय हे?

तांडेल – चार खेपा झाल्या.

दाजी – चार! मग मला कसं काही झालं नाही?

तांडेल – जाऊ द्या ना, दाजी.

दाजी – बोल.

तांडेल – तुमच्यासाठी घरून कॅन आणत होतो ना.

दाजी – तो तर तुझ्या ताईने पाठवला म्हणालास. विहिरीचं गोड पाणी म्हणून.

तांडेल – ताईला पत्ताही नाही. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला डिझेल पाजू का मी?

दाजी – म्हणजे तुला सगळं माहीत होतं! तोही कुणाच्या तरी बहिणीचा नवराच आहे रे. किळस येते तुझी. दे तो कागद इकडे.

तांडेल – काय लिहिताय?

दाजी – 'पाणी पिण्यालायक नाही.' खाली सही.

तांडेल – आता ताईला काय तोंड दाखवू मी?

दाजी – खरं ते सांग तिला. आणि माझंही सांग. तो कॅन मी कॉटखाली सरकवून ठेवायचो. परवा त्याने पेलाभर मागितलं, तर म्हणालो, घरचं आहे, पुरवून प्यायचंय.