अख्ख्या लोखंडाचा हट्ट

हट्टाचं मला सांगू नका, मी पनवेलच्या दामूशेठचा ट्रान्सफॉर्मर बांधलाय! त्यांची भाताची गिरणी होती. मला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी सिलिकॉन स्टीलचे पातळ पत्रे रचताना बघून म्हणाले, "हे बिस्किटाच्या डब्याचं पत्रं आमाला नको. अख्खं लोखंड घाल."

म्हटलं, "अख्ख्या लोखंडात निम्मी वीज आतच जळेल."

"नाय जळत. आमी सांगतो ना!"

मग मीही पेटलो. एक छोटा नमुना लोखंडाचा ठोकळा घालून बनवला, एक पत्र्यांचा, आणि दोन्हींत वीज सोडली. गिरणी जोडलेलीच नव्हती, म्हणजे तापलं तर ते आतल्या लोखंडामुळेच. पत्र्यांचा गार राहिला, ठोकळा तापायला लागला.

"शेठ, ठेवा ठोकळ्यावर हात."

ठेवला. कपाळावर घाम फुटला, पण हात काही काढेनात. "गारच हाय!"

म्हटलं, "मग ठेवा तसाच. मी चहा पिऊन येतो."