अक्का, या वेळी वाक्य मी पूर्ण करते

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या परवाना कार्यालयाचे विभागप्रमुख साहेब, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी, ज्यांच्या निरोपासाठी आज आपण जमलो त्या आमच्या अक्का, त्यांचे यजमान, लेक आणि जावई, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

एवढं बोलून झालं म्हणजे माझं निम्मं भाषण झालं. हसा, हरकत नाही. मी बोलताना अडखळते हे इथल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द जिभेवर येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. म्हणून सुरुवातीलाच एक विनंती करते. मी थांबले तर कृपया कोणी शब्द सुचवू नका. शब्द मला माहीत असतो. तो येईपर्यंत तुम्ही पंख्याचा आवाज ऐका.

वक्त्यांमध्ये माझं नाव कोणी घातलं, ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी फलकावर वाचलं. ज्याने घातलं, त्याला मला ऐकायचं होतं की माझी फजिती बघायची होती? दिवसभर हाच विचार करत होते. आत्ताही हे टेबल मी शोभेसाठी धरलेलं नाही. सोडलं तर खाली बसेन.

असो. बोलायचं आहे ते अक्कांबद्दल.

मी नोकरीला लागले तेव्हा मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. शेजारची खुर्ची अक्कांची. पहिल्याच सकाळी एक ट्रकचालक आला, हातातली किल्ली काउंटरवर आपटत म्हणाला, "बाई, काय आणायचं ते एकदाच सांगा, मला सारख्या चकरा मारायला लावू नका." मी म्हटलं, "वै…" आणि अडकले. रांग पुढे सरकून बघायला लागली. तेवढ्यात अक्का शेजारून सहज म्हणाल्या, "वैद्यकीय दाखला आणा, दादा." तो गेला. मग मला म्हणाल्या, "घाबरतेस काय गं? मी आहे ना."

तेव्हापासून आमचं दोघींचं मिळून एक तोंड झालं. मी सुरुवात करायची, त्यांनी शेवट. जेवणाच्या सुट्टीत मी "अक्का, मला जरा…" म्हटलं की समोर चहा यायचा. खरं तर मला पेन हवं असायचं. पण त्या इतक्या मायेने कप पुढे करायच्या की "चहा नको" म्हणायचा धीर व्हायचा नाही. मी मुकाट्याने पीत राहिले. आज मला वाटतं, निदान एकदा तरी पेन मागायला हवं होतं.

कारण पुढे काय झालं ते आपण जाणता. साहेबांनी मला खिडकीवरून उठवून मागच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. तिथे फायली आहेत, झुरळं आहेत, माणूस येत नाही. आणि खिडकीचा पुरेसा अनुभव नसेल तर आमच्याकडे वरिष्ठ लिपिक होता येत नाही, म्हणजे मी निवृत्तीपर्यंत झुरळांबरोबरच. मी भेदभावाची तक्रार केली. समितीने बोलावलं. सोबत म्हणून अक्का आल्या.

साहेब, आपण घड्याळाकडे बघताय. फार वेळ घेत नाही.

समितीने विचारलं, "तुम्हाला खिडकीवरून का हलवलं?" मी म्हटलं, "साहेब म्हणाले, लोकांना…" आणि अडकले. बंद खोली, समोर तिघं जण, पेन उघडून बसलेला लघुलेखक. आणि अक्का नेहमीच्याच मायेने म्हणाल्या, "लोकांना ताटकळावं लागू नये म्हणून हिनेच बदली मागितली, साहेब. पोर भिडस्त आहे." समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "असंच ना?"

मी मान हलवली.

चहा प्यायले तशीच हलवली. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "मिटलं बघ. मोठ्या माणसांशी वैर नको. नोकरी तरी शाबूत राहील." त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच केलं, याबद्दल मला कालही शंका नव्हती आणि आजही नाही. तक्रार फेटाळली गेली. कारण लिहिलं होतं, तक्रारदाराला स्वतःला मान्य.

मी अपील केलं आहे. सोमवारी वरच्या कार्यालयात सुनावणी आहे. बदली मागितल्याचं ते वाक्य माझं नव्हतं, हे तिथे दुसऱ्या कोणी सांगितलं तरच माझं ऐकतील. सांगू शकेल असं माणूस एकच आहे, आणि आज आपण त्यांना निरोप देतोय.

मी अक्कांना विचारलं होतं. त्या "बघू" म्हणाल्या. त्यानंतर चहा आला नाही. मी रागावले नाही. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद अजून सहीला आहेत, आणि सही कोणाची लागते ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मी जन्माची भित्री. पण अक्कांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आज मला त्या खोलीतलं वाक्य पूर्ण करायचं आहे. आत्ता नाही केलं तर सोमवारीही होणार नाही. अक्का, तुम्ही बसून राहा.

साहेब म्हणाले, लोकांना…

लोकांना…

थांबा. येतंय.

लोकांना तुमची कीव येते, आणि लोक सरकारी कार्यालयात कीव करायला येत नाहीत.

झालं. हे वाक्य होतं. हे म्हटलं गेलं तेव्हा अक्का शेजारच्या खुर्चीवर होत्या.

उद्या माझं काय होईल मला माहीत नाही. पण अक्का, मी पाहिलं. मी अडकले तेव्हा तुम्ही पदर तोंडाशी धरला होता आणि एक अक्षर बोलला नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझी वाट पाहिलीत. मला याहून जास्त काही…

मान हलवताय? मान नको, अक्का. मान हलवल्याचं पुढे काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंय. तोंडाने सांगा.

नाही, त्यांना माईक देऊ नका, राहू द्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलंय.

"येते सोमवारी," म्हणाल्या.

आणि वक्त्यांमध्ये माझं नाव त्यांनीच घातलं, तेही म्हणाल्या.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अक्कांना सुखाचं, निर्धास्त आयुष्य लाभो. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मधे मधे थांबले, त्याची मात्र क्षमा मागत नाही.